काकूंचं कपाट: जुने कपडे विकण्याआधीच्या तयारीचं एक प्रकरण

पुण्यात कोथरूडमधली काकूंची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नोव्हेंबरअखेर घर रिकामं करून द्यायचं ठरलं. भाड्याचा फ्लॅट लहान. दोन लोखंडी कपाटं, एक पत्र्याची ट्रंक आणि बॉक्स पलंगात दाबून भरलेली बोचकी, एवढ्याला तिकडे जागा नव्हती. काकू निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे. काका जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा, सून, शाळेत जाणारी नात त्याच घरात. सासूबाईंच्या साड्या, काकूंच्या स्वतःच्या, काकांचे शर्ट-पँट आणि एक लोकरी कोट, सुनेच्या लग्नातला घागरा, नातीला आखूड झालेले फ्रॉक असं सगळं मिळून सव्वाशेच्या वर नग निघाले. वापरलेल्या साड्या आणि कपडे मी घरूनच विकते, म्हणून सुनेने मला बोलावलं. काकूंनी दारातच सांगितलं, "हे बघ, फुकट घालवायचं नाही आणि कुणाला फसवायचंही नाही. जमत असेल तर हात लाव."

विक्रीची तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धुणं आणि इस्त्री येते. इथेही मी पोचायच्या आत काकांचे शर्ट मशीनमध्ये गेले होते. पण जुना कपडा नवा दिसावा म्हणून केलेला खर्च बहुतेक वेळा बुडीत जातो. घेणाऱ्याच्या मनातली शंका मिटवायला केलेला खर्च मात्र वसूल होतो. ऑनलाइन जुनी साडी घेणाऱ्या बाईच्या शंका ठरलेल्या असतात. वास येत असेल का, कुठे भोक लपवलंय का, रेशीम म्हणतात ते रेशीमच का, नेसल्यावर घडीवर फाटणार तर नाही, माझ्या उंचीला पुरेल का. रविवारच्या बाजारात पँट घेणाऱ्या मजुराच्या शंका वेगळ्या असतात. तेव्हा कुठला नग कुणाकडे जाणार हे आधी ठरवायचं आणि मग पाण्यात हात घालायचा. या घरातला प्रत्येक निर्णय आम्ही याच कसोटीवर घेतला.

पहिली वाटणी

हॉलमध्ये सतरंजी पसरून सगळं खाली ओतलं. सून साड्या एकीकडे, ड्रेस दुसरीकडे अशी लावायला लागली. मी ती रचना मोडली. ढीग गिऱ्हाइकाप्रमाणे लावायचे. एक, फोटो काढून एकेक करून विकायचे नग. दुसरा, कापड म्हणून किंवा काठापदरासाठी जाणाऱ्या साड्या. तिसरा बोहारणीचा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारीचा. चौथा, गोधडी आणि पुसण्याचा. बाकी जे राहील ते घरात किंवा नात्यात. आतले कपडे, मोजे, टॉवेल यांचा विचारच करायचा नाही. सुनेच्या जुन्या कंपनीचे लोगो असलेले टी-शर्ट आणि नातीचे शाळेचा बिल्ला शिवलेले गणवेशही विकायला काढले नाहीत. गणवेश शाळेतल्याच धाकट्या मुलीला गेले, टी-शर्ट फरशीला.

वाटणी करताना प्रत्येक खिसा उलटा करायचा आणि प्रत्येक साडीची घडी पूर्ण उलगडायची. काकांच्या सफारीत पीएमटीची तिकिटं निघाली, एका ब्लाउजच्या अस्तरात टाचलेली सेफ्टी पिन निघाली, तिच्याभोवती गंजाचं गोल वर्तुळ. ट्रंकेतल्या साड्यांच्या घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्यांचे चपटे झालेले अवशेष होते.

ब्लाउज पिसांबद्दल एक सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कपाटात ओटीतले ब्लाउज पीस निघतात. कोरे, घडीबंद, पण ऐंशी सेंटीमीटर लांबीचे आणि बरेचसे कुणी कधीही शिवणार नाही अशा कापडाचे. हे फिरते असतात. एका घरून दुसऱ्या घरी ओटीतून जातात आणि चार वर्षांनी परतही येतात. त्यातले सुती आणि खणाचे तेवढे आम्ही बाजूला काढून रंगाप्रमाणे गठ्ठे केले, कारण पिशव्या, बटवे, बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बायका ते घेतात. बाकीचे काकूंनी परत डब्यात ठेवले. हळदीकुंकू जवळ आलं होतं.

वास

जुन्या कपड्याचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फुटतं ते वासामुळे, आणि फोटोत वास दिसत नाही. म्हणून तो पहिल्यांदा काढायचा. डांबराची गोळी, म्हणजे नॅफ्थलीन, हवेत उडून जाणारा पदार्थ. बंद पिशवीत तो कापडातच राहतो, वाहत्या हवेत निघून जातो. यावर दुसरं औषध नाही. अत्तर मारलं की दोन्ही वास एकत्र येतात, आणि घेणारीला वाटतं की काहीतरी झाकलंय. रेशमी साड्या गॅलरीत सावलीत दोरीवर सोडल्या, रोज बाजू बदलून. सुती साड्यांना आणि शर्टांना ऊन दाखवलं. पाऊस संपलेला होता. हेच काम जुलैत करायचं असतं तर वास जायच्या आधी बुरशी आली असती.

काकांच्या लोकरी कोटाची गोष्ट वेगळी. त्याच्या कॉलरखाली कसरीने खाल्लेली तीन बारीक भोकं होती, आणि शिवणीत भुसकटासारखं काहीतरी. ते पाहून मी कोट आधी इतर ढिगांपासून लांब नेला. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून शेजारच्यांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवला. उणे 18 अंशांत अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. मग उन्हात ब्रशने झटकला. भोकं पेठेतल्या रफूगाराकडे दिली. त्याने कोटाच्याच आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीत राखलेल्या जादा कापडातून, धागे उपसून भोक भरलं, त्यामुळे रंग जुळवायचा प्रश्न आला नाही. बाहेरून शोधायला गेलं तर सापडत नाही, आतून दिसतं. विकताना आतला फोटोही टाकला.

धुवायचं काय आणि सोडून द्यायचं काय

सुनेचा क्रीम रंगाचा सुती कुर्ता चांगल्या ब्रँडचा, दोनदाच घातलेला, पण पोटावर वरणाचा पिवळा डाग. तिने साबण चोळला आणि डाग लालभडक झाला. "अहो ताई, हा तर वाढला!" वाढत नाही तो. हळदीतला रंग क्षारात लाल होतो आणि साबण क्षारी असतो. भरपूर पाण्याने खळबळल्यावर तो परत पिवळा झाला. मग कुर्ता ओलाच, डागाची बाजू वर करून, दहाच्या उन्हात तारेवर टाकला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. संध्याकाळी डाग लिंबासारखा फिका झाला होता. रात्री पुन्हा भिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दिलं, आणि तो शोधावा लागला. एक पैसा खर्च झाला नाही. हाच डाग रेशमावर असता तर हा मार्ग चालला नसता, कारण उन्हाने रेशमाचा मूळ रंगही उडतो.

काकांचे पांढरे शर्ट कॉलरला आणि काखेत पिवळे पडलेले होते. हा पिवळेपणा घामासोबत डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या संयुगांचाही असतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की तो आणखी गडद होऊ शकतो. सोडियम परकार्बोनेट, दुकानात ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळणारं, कोमट ते गरम पाण्यात चांगलं काम करतं. काकांचे खादीचे दोन नेहरू शर्ट मी त्यात काही तास भिजवले आणि ते विकण्याजोगे झाले. पण टेरिकॉटचे शर्ट? त्यांना भिजवणं, धुणं, गोळे रेझरने उतरवणं, दहा रुपये नगाने इस्त्री करणं, आणि मग तो शर्ट ऐंशी रुपयांना जाणार. सुनेला हे पटायला वेळ लागला, कारण शर्ट चांगले होते. शर्ट चांगला असणं आणि त्यावर मेहनत परवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनमधून निघालेले शर्ट वाळवून सरळ बोहारणीच्या ढिगात गेले.

रेशमी आणि लोकरी कापडाला एन्झाइमवाली धुण्याची पावडर लावायची नाही, हे मात्र घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगावं लागतं. त्यातली काही एन्झाइमं प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी घातलेली असतात, आणि रेशीम व लोकर ही दोन्ही प्रथिनंच आहेत. डागाबरोबर धागाही खाल्ला जातो. तीन इरकली मी रिठ्याच्या पाण्यात हाताने काढल्या, त्याही आधी ओला पांढरा रुमाल लाल पदरावर दाबून रंग सुटतो का ते पाहून. रुमालाला किंचित गुलाबी आलं, म्हणून काठ-पदर वेगळे धरून, भिजत न ठेवता, पटकन काढून सावलीत टाकल्या.

कांजीवरमवर श्रीखंडाचा जुना डाग होता. ती ड्रायक्लीनिंगला दिली आणि डाग कशाचा आहे ते चिठ्ठीवर लिहून दिलं, डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा टाका घालून. नाहीतर दुकानात तो सापडत नाही आणि साडी नुसती इस्त्री होऊन परत येते. एका गर्भरेशमीवर तेलाचा थेंब होता. त्यावर टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवली, सकाळी झटकली, एवढंच. थेंबाची कड अजून दिसते. ती तशीच ठेवून फोटोत दाखवली, कारण त्यावर पाणी लावलं असतं तर पाण्याचा डाग तेलाच्या डागापेक्षा मोठा झाला असता.

शालू आणि पैठणी

खरा वेळ गेला तो दोन साड्यांत.

ट्रंकेच्या तळाशी सासूबाईंचा बनारसी शालू होता. लांबून बघितला तर डोळे दिपतील असा. मी तो खिडकीसमोर उजेडात धरला आणि काकूंना मागे बोलावलं. प्रत्येक घडीच्या रेषेवर उजेडाची बारीक रेघ दिसत होती. दोन्ही अंगठे घडीच्या दोन बाजूंना ठेवून अगदी हलका ताण दिला, तर चिर्र असा आवाज आला आणि बोटभर चीर गेली. वर्षानुवर्षं त्याच घडीवर पडून राहिलेलं रेशीम असं विरतं, त्यात जरीचं वजन. पूर्वीच्या बायका वर्षातून एकदा साड्यांच्या घड्या मोडून वेगळ्या घालायच्या, त्याचं कारण हेच. विरलेल्या रेशमावर रफू होत नाही, कारण टाका धरायला शेजारचा धागाही धड नसतो. अशी साडी चरकाला, म्हणजे गरम रोलरमधून दाबून काढायला, दिली तर पट्ट्या बाहेर येतील.

या शालूला त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आधीच येऊन गेलं होतं. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे दारोदार फिरतात. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. ते साडी जाळून चांदी काढतात. त्याने शालू आणि पैठणी दोन्हींचे मिळून पाच हजार सांगितले होते आणि काकू जवळजवळ कबूल झाल्या होत्या. त्याचा भाव वजनाचा. साडी धड आहे की फाटकी, याने त्याला काही फरक पडत नाही. म्हणूनच धड साडी त्याला देणं तोट्याचं.

शालूच्या सुटलेल्या कडेतून एक जरीचा धागा ओढून पाहिला. आत रेशीम, वरची तार काळसर. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. तांब्याची तार वापरलेली जर काळपट-लालसर किंवा हिरवट पडते आणि हल्लीची प्लॅस्टिकची जर वर्षानुवर्षं तशीच चकाकत राहते. इथे चांदी होती. सून टूथपेस्टने काठ घासून बघू का म्हणाली. नको. मुलामा निघून जातो आणि पेस्टचा पांढरा भुगा विणीत अडकून बसतो. जुन्या जरीचा काळपटपणा हाच जाणकार गिऱ्हाइकाला खरेपणाचा पुरावा वाटतो.

शालूचं अंग, म्हणजे काठ-पदर सोडून मधलं कापड, विरलं होतं, पण काठ आणि पदर घट्ट होते. ते कापून वेगळे विकायचे, असं मी सुचवलं. नव्या रेशमी कापडाला जुने काठ लावून देणाऱ्या शिवणकामवाल्या बाया ते चांगल्या भावाने घेतात. काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "कापताना मी इथे नको. उरलेल्या अंगाचा एक तुकडा मात्र मला ठेव, देवाच्या पाटावर घालीन." कापायची पद्धत अशी, की काठाला अंगाचं किमान दोन बोटं कापड राखायचं, म्हणजे शिवणाऱ्या बाईला माया मिळते. काठाची लांबी सलग राहील याची काळजी घ्यायची, कारण तुकड्यातुकड्यांच्या काठाला निम्मासुद्धा भाव येत नाही.

पैठणी 1974 सालची, काकूंच्या लग्नातली, मोरपंखी अंगाची आणि नारळी काठाची. हिची घडी घट्ट होती. काकूंनी तिच्या घड्या बदललेल्या असणार. हिच्या तयारीत पहिलं काम म्हणजे फॉल उसवणं. फॉल सुती असतो, त्यात वर्षांची धूळ बसते, तो आटतो आणि काठाला चुण्या पाडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या साडीची सगळ्यात झिजणारी जागा, खालचा काठ, त्याच्याखाली लपलेली असते. उसवल्यावर टाचेपाशी घासणाऱ्या भागात काठ चारेक बोटं विरळ झालेला दिसला. सून म्हणाली, नवा फॉल लावून टाकू, दिसणार नाही. तिथेच मी थांबवलं. विकण्याआधी लावलेला नवाकोरा फॉल बघितला की अनुभवी बाई विचारते, खाली काय झाकलंय. फॉल घेणारीला तिच्या आवडीने लावू दे. आपण उघडा काठ, दहाच्या नाण्याशेजारी ठेवून, फोटोत दाखवायचा.

दुसरी शंका ती हातमागाची आहे का, ही. पदर उलटा करून मोराचा मागचा भाग दाखवला. हातमागावर एकेका रंगाचा धागा जागच्या जागी अडकवत विणलेली नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखी दिसते, तर यंत्रमागावरच्या पैठणीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. काकूंकडे दुसरी पैठणी होती, मुलाच्या लग्नात कुणी दिलेली. तिच्या उलट्या बाजूला हात फिरवला की ब्रशवर फिरवल्यासारखा लागतो. तीही विकायला काढली, पण "यंत्रमागावरची, सेमी" असं पहिल्याच ओळीत लिहून.

पैठणीची चौकशी करणाऱ्या दोघींनी सिल्क मार्क आहे का विचारलं. शुद्ध रेशमाची खूण असलेला तो शिक्का 2004 मध्ये सुरू झाला, 1974 च्या साडीवर कुठून येणार. त्याऐवजी पदराच्या दशीतला एक धागा ज्योतीवर धरल्याचा छोटा व्हिडिओ पाठवला. रेशीम जळताना वितळून टोकाला मणी होत नाही, आणि उरलेली राख चिमटीत चुरगळते. जळक्या केसांसारखा वास येतो तो व्हिडिओतून जात नाही, तरी एवढ्याने काम झालं. पैठणी चरकाला दिली नाही. खऱ्या जरीवर दाबाच्या गरम रोलरचं काय काम? सुती कापडाखाली ठेवून मंद इस्त्री, तीही अंगालाच. चरक आणि रोल प्रेस सुनेच्या दोन जॉर्जेटला दिलं. तिथे ते शोभलं.

मापं आणि मजकूर

साडीची लांबी काठोकाठ मोजायची आणि पन्हा, म्हणजे रुंदीही मोजायची. इरकलींपैकी एकीचा पन्हा बेचाळीस इंच निघाला. उंच बाईला ती पायघोळ बसणार नाही. हे लिहिलं नसतं तर साडी परत आली असती. ब्लाउज साडीसोबत द्यायचा असेल तर छाती, बाही आणि आत माया किती आहे ते इंचात लिहायचं. काकूंच्या शिंप्याने दीड-दीड इंच माया सोडलेली होती, म्हणजे दोन मापं वाढतील. शर्ट-कुर्ते सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायचे. लेबलवरच्या एम-एलवर जायचं नाही, आणि शिंप्याकडे शिवलेल्याला लेबल नसतंच. फोटो खिडकीशेजारी सकाळच्या उजेडात, थेट ऊन टाळून. ट्यूबलाइटखाली मोरपंखी निळा दिसतो आणि मग भांडण होतं.

पैठणीचा मजकूर शेवटी असा झाला:

"हातमागाची जुनी पैठणी, 1974, एकाच घरातली. मोरपंखी अंग, नारळी काठ, खरी जर (जुनी असल्याने काळसर झाक). लांबी साडेपाच मीटर, पन्हा 45 इंच, ब्लाउज नाही. फॉल काढला आहे. खालच्या काठावर टाचेपाशी चार बोटं विरळ, फोटो क्र. 6. निऱ्यांच्या भागात एक सुपारीएवढा फिका डाग, फोटो क्र. 7. घडीवर विरलेली नाही, उजेडात धरल्याचा फोटो क्र. 8. धुतलेली नाही, फक्त हवेवर ठेवली आहे."

काकूंनी वाचून विचारलं, "अगं, एवढे दोष लिहिल्यावर घेणार कोण?" यादी बघून पहिल्या दिवशी सातआठ जणींनी चौकशी केली आणि त्यातल्या कुणीही "आणखी काही डाग आहेत का" असं विचारलं नाही. भाव पाडायला वाव तिथेच संपतो. घासाघीस होते ती शंकेवर.

बोहारीण

आमच्या भागात बोहारीण आता क्वचित येते. सोसायटीचे वॉचमन वर सोडत नाहीत. काकूंच्या ओळखीची एक अजून येते, मूळची गुजरातकडची, देवीपूजक समाजातली. स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन ती दारात बसली आणि शर्ट-पँटचा ढीग तिच्यापुढे ठेवला. तिची पारख पाहण्यासारखी होती. इस्त्रीकडे तिने पाहिलंही नाही. पँट उलटी केली, दोन मांड्यांमधली शिवण दोन्ही हातांनी ताणली, चेन वरखाली केली, गुडघा उजेडात धरला, बाजूला टाकली. शर्टची कॉलर उलटवून झिजलेली कड बघितली. एका नगाला चारपाच सेकंद.

धुतलेल्या शर्टांचा वास घेऊन ती म्हणाली, "मोठ्या ताई, धुवायची कशाला मेहनत केली? आम्ही परत धुतोच." तिच्याकडचा माल पुढे जातो तो वेगळ्या हातांत. कुणी धुणारा, कुणी बटणं-चेन लावणारा, कुणी रंगवणारा, आणि मग पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी तो मांडला जातो. तिथल्या गिऱ्हाइकाला मजबुती हवी असते. त्यामुळे आमच्या दृष्टीने दिसायला साधी असलेली काकांची जाड टेरिकॉटची पँट तिने सगळ्यात वरच्या भावात धरली आणि सुनेचा नाजूक नेटचा ड्रेस परत दिला. बदल्यात एक मोठं पातेलं, दोन डबे आणि एक परात ठरली. काकूंनी आणखी एक गाळणी मागून घेतली. ती मिळेपर्यंत व्यवहार पुरा होत नसतो, हे दोघींना माहीत होतं.

मऊ झालेल्या सुती साड्या गोधडी शिवणाऱ्या बाईकडे गेल्या. नायलॉन आणि टेरिकॉट तिने घेतलं नाही. थरांमध्ये ते सरकतं आणि टाका बसत नाही. अगदी विटलेलं सुती कापड गॅरेजवाल्याने पुसायला म्हणून नेलं. नातीचे फ्रॉक मावसबहिणीच्या मुलीला गेले.

हिशेब

माझा वाटा धरण्याआधी एकूण विक्री साडेछत्तीस हजारांच्या आसपास झाली. पैठणी साडेबारा हजारांना गेली, मूळ मागणी चौदाची होती. कांजीवरम साडेचार हजार. शालूचे काठ आणि पदर मिळून तीन हजार दोनशे, म्हणजे उरलेलं कापड काकूंकडेच राहून. दोन गर्भरेशमी प्रत्येकी बावीसशेला. एकूण रकमेतला दोन तृतीयांश वाटा या पाच साड्यांचा. इरकली हजाराच्या घरात, सुती साड्या तीनशेच्या, कोट नऊशे, यंत्रमागाची पैठणी अकराशे. ड्रायक्लीनिंग, रफू आणि बाकी किरकोळ धरून खर्च तीन हजारांच्या आत राहिला, कारण बहुतेक नगांवर आम्ही काही केलंच नाही. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो फोटो, मापं आणि मेसेजना उत्तरं देण्याने.

एक साडी परत आली. जॉर्जेट, चरक करून चकाचक केलेली. घेणारीचं म्हणणं, फोटोत नवी वाटली, हातात घेतल्यावर वापरलेली वाटते. पैसे देऊन टाकले. काठावर विरळ, डागाची, काळवंडलेल्या जरीची पैठणी घेणारीने मात्र मिळाल्यावर एवढंच कळवलं की फोटो क्र. 7 मधला डाग सांगितल्यापेक्षा लहान आहे.

घागऱ्याला अजून गिऱ्हाईक नाही. लग्नातला घागरा एकदा घातलेला असतो, महाग असतो आणि दुसऱ्या कुणाच्या मापाचा नसतो. सून किंमत उतरवायला तयार नाही, तेव्हा तो तिच्याचकडे आहे.

राहिल्या शाली. काकूंच्या निवृत्तीच्या, काकांच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या, कुठल्या कुठल्या उद्घाटनातल्या. तीसेक तरी असतील, सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोऱ्या करकरीत. ना डाग, ना वास, ना कुठली शंका. तयारी शून्य. बोहारणीने नेल्या नाहीत, ऑनलाइन कुणी विचारल्या नाहीत, आणि ज्या नातेवाइकांना विचारलं त्यांनी आपल्याकडच्या देऊ केल्या.